ट्रोलिंगचं रील: निवड, दोरा भरणं आणि ड्रॅग लावणं

निवतीच्या दिव्याला, म्हणजे तिथल्या दीपगृहाला, वळसा घालून आम्ही बाहेरच्या अंगाला आलो होतो. मासा लागल्याची वर्दी देणारा रीलवरचा क्लिकर टर्रर्र करून ओरडला, मी रॉड उचलला आणि हँडल फिरवायला घेतलं. हँडल फिरतंय, ज्यावर दोरा गुंडाळलेला असतो ते स्पूलही फिरतंय, पण दोरा काही आत येईना. वीसेक सेकंद मला कळलंच नाही काय चाललंय. मग बघतो तर दोऱ्याचं सगळं बिंडाळं जागच्या जागी, आणि स्पूल त्याच्या पोटात नुसतं गरगरतंय. मागच्या बाजूने होडी चालवणारे तांडेल ओरडत होते, "ढील दी रे, वडू नको!" पण ढील देणं की ओढणं, काहीच माझ्या हातात उरलं नव्हतं. ती सुरमई गेली.

चूक आदल्या रात्रीची होती. ब्रेडेड, म्हणजे विणलेला, दोरा मी थेट गुळगुळीत ॲल्युमिनियमच्या स्पूलला बांधला होता. खाली पाच मीटर तंगूस (एकसंध नायलॉनचा दोरा) घातला असता तर असं झालंच नसतं. तेव्हापासून मी हेच सांगत आलोय की ट्रोलिंगमधला मासा बहुतेक वेळा समुद्रात सुटत नाही, आदल्या रात्री पडवीतच सुटलेला असतो. म्हणून हा लेखही बराचसा पडवीतल्या कामाबद्दल आहे.

एक गैरसमज आधी दूर करतो. ट्रोलिंग म्हणजे ट्रॉलिंग नव्हे. ट्रॉलर जाळं ओढतो. ट्रोलिंगमध्ये चालत्या होडीमागे एकेका दोऱ्यावर गरी किंवा नकली मासा ओढायचा असतो. रील नव्हती तेव्हाही हातात दोर धरून सुरमईसाठी गरी ओढली जायचीच. रीलने त्यात दोन गोष्टी आणल्या: शेकडो मीटर दोरा साठवण्याची सोय आणि मासा पळताना तो मोजून-मापून सोडणारा ब्रेक. हा ब्रेक म्हणजे ड्रॅग. रीलची किंमत मी त्याच्या ड्रॅगवरून करतो, बाकी सगळं नंतर.

कोणतं रील घ्यावं

आपल्याकडे बरेच जण काठावरून किंवा पॉपिंगसाठी (नकली मासा पाण्यावर झटके देत ओढण्यासाठी) वापरलेलं मोठं स्पिनिंग रील तसंच ट्रोलिंगला लावतात. मासा लागतो, नाही असं नाही. पण स्पिनिंग रीलमध्ये दोरा काटकोनात वळून स्पूलवर चढतो. ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवत राहिलं की दोऱ्याला पीळ पडतो, आणि तासन्‌तास ओढलेला ल्युअर (नकली मासा) गिरक्या घेत असेल तर त्याचा पीळ वेगळाच. ट्रोलिंगला रॉडच्या वर बसणारं, ज्याचं स्पूल स्वतः फिरतं ते ओव्हरहेड रील घ्यावं. दोरा सरळ येतो, सरळ जातो, ड्रॅगच्या चकत्या मोठ्या असतात आणि मासा लागल्याची वर्दी द्यायला क्लिकर असतो.

ओव्हरहेडमध्ये दोन जाती आहेत. स्टार ड्रॅग रीलमध्ये हँडलखाली चांदणीच्या आकाराचं चाक असतं, ते आवळलं की ब्रेक घट्ट होतो. स्वस्त, दणकट, दुरुस्तीला सोपं. लिव्हर ड्रॅगमध्ये बाजूला एक दांडी असते: मागे फ्री, मधे स्ट्राइक, पुढे फुल. माझं मत स्पष्ट आहे. नवशिक्याने शक्य असेल तर लिव्हर ड्रॅगच घ्यावं. मासा पळत असताना, होडी हलत असताना, चांदणी किती फिरवली हे कुणाच्या लक्षात राहत नाही. दांडी मात्र कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं आणि बोटालाही कळतं.

आकाराचा घोळ बहुतेकांचा होतो. रीलवरचे २०, ३०, ५०, ८० हे आकडे साधारणपणे किती पौंडांच्या दोऱ्यासाठी ते रील आहे ते सांगतात. काही कंपन्यांचे आकडे निव्वळ मॉडेलचे असतात, म्हणून खोक्यावरची दोऱ्याची क्षमता वाचूनच घ्या. पेन सेनेटरसारख्या जुन्या घडणीच्या रीलवर ४/०, ६/० असे आकडे दिसतात, ती जुनी पद्धत. सुरमई, सकला आणि लहान-मध्यम कुपा (ट्यूना) हे तुमचं लक्ष्य असेल तर २० ते ३० पौंडांच्या वर्गातलं रील पुरतं. शिमानो टीएलडी २५ किंवा पेन स्क्वॉलमधलं त्या मापाचं लिव्हर ड्रॅग मॉडेल, या पट्ट्यात बघा. ५० आणि ८० वर्गाची रीलं मोठ्या कुप्यासाठी आणि मार्लिनसाठी. ती दिवसभर लहान होडीत हाताळायची म्हणजे मनगटाचा चुराडा, आणि सहा किलोची सुरमई त्यावर लागली तर तिचा जोरही नीट जाणवत नाही.

दुकानात रील हातात आलं की मी तीन गोष्टी बघतो. दांडी फ्रीवर ठेवून स्पूलला टिचकी मारतो. ते खरखर न करता, लटपट न करता फिरत राहिलं पाहिजे. मग ड्रॅग थोडा लावून दोरा हाताने हळूहळू ओढतो. चांगला ड्रॅग तूप सोडावं तसा सुटतो. वाईट ड्रॅग आधी अडतो, मग धक्क्याने सुटतो, आणि त्या धक्क्यातच गाठ तुटते. तिसरं, स्पूल धातूचं आहे का ते. तंगूस ताणून भरला की तो आकसायला बघतो आणि स्पूलच्या कडा बाहेर रेटतो. तकलादू प्लास्टिकचं स्पूल त्याने तडकतं. रीलची बॉडी मात्र ग्रॅफाइटची असली तरी या वर्गात चालते, उलट खाऱ्या पाण्यात ती गंजत नाही.

दोन गिअरचं रील हवंच का? मोठा कुपा खाली बुडी मारून बसला की हलक्या गिअरचा खरा उपयोग होतो. सुरमईला नाही. ती वरच्या पाण्यात आडवी पळते आणि उलटून होडीकडे आली तर दोरा झपझप गोळा करणारं रील लागतं. ६ सेंटिमीटर व्यासाचं भरलेलं स्पूल आणि ४:१ गिअर असेल तर हँडलच्या एका फेऱ्यात सुमारे ७५ सेंटिमीटर दोरा येतो. स्पूल रिकामं होऊन व्यास ३ सेंटिमीटरवर आला की तोच फेरा जेमतेम ३८ सेंटिमीटर आणतो. स्पूल काठोकाठ भरलेलं का असावं याचं हे पहिलं कारण. दुसरं याहून मोठं आहे, ते ड्रॅगच्या भागात येईल.

दोरा: किती आणि कोणता

पहिल्या हंगामाला माझा सल्ला साधा आहे. पूर्ण स्पूल तंगूसच भरा, ३० पौंडी म्हणजे सुमारे १५ किलोचा, ३०० ते ४०० मीटर. तंगूस ताणला जातो, आणि चालत्या होडीवर मासा आदळतो तेव्हा तो ताणच गरीचं भोक फाटू देत नाही. गाठी सोप्या, बोटं कापायची भीती कमी.

दुसऱ्या हंगामापासून खाली ब्रेडेड आणि वर तंगूस अशी जोडणी करा. ५० पौंडी ब्रेडेड दोरा त्याच ताकदीच्या तंगुसाच्या साधारण निम्म्या जाडीचा असतो. जाडी निम्मी म्हणजे स्पूलवरची जागा पाव. त्यामुळे त्याच लहान रीलवर दुप्पट-तिप्पट दोरा बसतो. थर असे लावायचे: तळाशी ५ ते १० मीटर तंगूस, स्पूलला आर्बर गाठीने आवळून बांधलेला. त्यावर दुहेरी युनी गाठीने जोडलेला ५० पौंडी ब्रेडेड, २५० ते ३०० मीटर. त्यावर एफजी गाठीने जोडलेला ४० पौंडी तंगूस, ८० ते १०० मीटर. तळाचा तंगूस स्पूलला चिकटून बसतो म्हणून ब्रेडेड घसरत नाही. निवतीला माझ्याकडे नव्हता तो हाच थर. एफजी गाठ बारीक आणि चपटी असते, रॉडच्या कड्यांतून ती अडखळत नाही. ती जमेपर्यंत घरी वीस-पंचवीसदा बांधा, आणि प्रत्येक वेळी दोन्ही हातांना कापड गुंडाळून जीव खाऊन ओढा. घरात सुटली तर बरंच झालं.

आता भरणं. इथे घाई करणाऱ्याचं नुकसान ठरलेलं. सैल भरलेल्या ब्रेडेडवर मासा जोरात ओढू लागला की वरचा फेरा खालच्या थरांत रुततो, दोरा सुटायचा थांबतो आणि क्षणात तुटतो. माझी पद्धत अशी: रील रॉडवर बसवून रॉड भिंतीशी टेकवायचा. दोऱ्याची चक्री पाण्याच्या बादलीत. कुणीतरी चक्रीच्या भोकातून पेन्सिल घालून धरायची आणि दुसऱ्या हाताने ओल्या फडक्यात दोरा चिमटायचा. आमच्या घरी हे काम आई करते, आणि फडकं गरम झालं की ती न सांगता बुडवून घेते. दोरा रॉडच्या सगळ्यात खालच्या कड्यातून आत घ्यायचा, आणि अंगठ्याने डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सारखा पसरायचा. या रीलला दोरा आपोआप पसरवणारी यंत्रणा नसते, आणि खोल पाण्यासाठी ती नसलेलीच बरी, कारण मोठ्या माशाच्या ओढीत पहिलं मोडतं ते तेच. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी अशी भरण झाली तर डोंगर कोसळून गुंता होतो. ब्रेडेडला ताण इतका हवा की भरल्यावर बोटाने दाबलं तर थर लाकडासारखा लागला पाहिजे. तंगुसाला त्यापेक्षा कमी. कडेपासून ३-४ मिलिमीटर जागा मोकळी सोडून थांबा.

ड्रॅग: काट्यावर लावा, अंदाजावर नको

हाताने ओढून "बरोबर वाटतंय" असं म्हणणाऱ्याचा ड्रॅग मी काट्यावर तपासून पाहिला आहे. कुणाचा दीड किलो निघतो, कुणाचा सात. साधा स्प्रिंगचा ताणकाटा घ्या. नियम असा की स्ट्राइकवर ड्रॅग दोऱ्याच्या तुटण्याच्या वजनाच्या पाव ते एक तृतीयांश ठेवायचा. १५ किलोच्या दोऱ्याला ३.७५ ते ५ किलो. सुरमईसाठी मी ४ वर थांबतो. तिच्या तोंडाचं मांस मऊ, आणि ल्युअरला तीन टोकांची बारीक गरी, जास्त जोर लावला तर गरी मांस फाडून बाहेर येते.

क्रम चुकवू नका. दांडी फ्रीवर आणा. प्रीसेटची चकती, म्हणजे दांडीच्या ब्रेकचा मूळ जोर ठरवणारी, थोडी फिरवा. दांडी स्ट्राइकवर न्या. दोरा रॉडच्या सगळ्या कड्यांतून काढून टोकाला ताणकाटा अडकवा. एकाने रॉड मासा लागल्यावर धरतात तसा तिरका धरायचा, दुसऱ्याने काटा हळूहळू, एकसारखा ओढायचा. दोरा सुटत असताना काटा जे दाखवतो ते खरं वजन. सुरुवातीच्या झटक्याचा आकडा धरू नका. कमी-जास्त करायचं असेल तर दांडी पुन्हा फ्रीवर नेऊनच चकती फिरवायची. दांडी स्ट्राइकवर असताना चकती पिळली तर आतल्या भागांवर नको तो दाब येतो. हवा तो आकडा मिळाला की दांडी फ्रीवर आणून स्पूल मोकळं फिरतंय ना ते बघा. घासत असेल तर त्या रीलकडून त्याच्या कुवतीबाहेरचा ड्रॅग तुम्ही मागताय.

स्टार ड्रॅगवाल्यांनी हेच काट्यावर लावून चांदणीच्या एका टोकावर रंगाचा ठिपका द्यावा. दोरा सोडण्याची कळ वेगळी असल्यामुळे रील पुन्हा गिअरमध्ये घेतलं की ड्रॅग पूर्वीचाच मिळतो, हा त्याचा फायदा.

आता स्पूल भरलेलं असावं याचं दुसरं कारण. भरलेल्या स्पूलवर ४ किलोचा ड्रॅग लावला. मासा पळाला, स्पूलवरच्या दोऱ्याचा व्यास निम्मा झाला. तरफ लहान झाली, म्हणून तोच ड्रॅग आता ८ किलोचा झाला, तुम्ही काही न करता. शिवाय पाण्यात पसरलेला शेकडो मीटर दोरा स्वतःच पाण्याला घासतो, त्याचा ताण वेगळा. मासा लांब पळतोय म्हणून घाबरून दांडी पुढे ढकलणं हे नेमकं उलटं. तो जितका लांब, तितकी दांडी थोडी मागे. "ढील दी" म्हणणाऱ्या तांडेलांना हे गणित कुणी शिकवलं नव्हतं. तीस वर्षं दोर हातातून सुटताना त्यांच्या तळव्यांनी ते ओळखलं होतं.

टोकाची जुळवणी: स्विव्हल आणि तार

वरच्या तंगुसाच्या शेवटी बिमिनी ट्विस्ट या गाठीने मीटरभर दुहेरी दोरा करतात. ती जमत नसेल तर सरळ चांगली युनी गाठ बांधा. कच्ची बिमिनी त्यापेक्षा वाईट. त्याला बॉल बेअरिंगचं क्लिप असलेलं स्विव्हल, म्हणजे पीळ पडू न देणारी फिरती कडी, जोडा. बाजारातली स्वस्त पिवळी स्विव्हलं ताणाखाली फिरतच नाहीत, मग दोऱ्याला पीळ पडतो. इथे पैसे वाचवू नका.

सुरमईचे दात करवतीसारखे. ८० पौंडी तंगूसही ती सहज कापते. म्हणून स्विव्हल आणि ल्युअरच्या मधे ३० ते ४५ सेंटिमीटर एकेरी स्टीलची तार लागते, ७ ते ९ नंबरची. तारेला गाठ बसत नाही, तिला पीळ द्यावा लागतो. तारेचं टोक ल्युअरच्या कडीतून घालून फास करा. दोन्ही तारा एकमेकींपासून चांगल्या फाकवून, इंग्रजी एक्स अक्षरासारख्या, पाच वेळा एकमेकींभोवती फिरवा. दोघींना सारखा पीळ पडला पाहिजे. एक सरळ राहून दुसरी तिच्यावर गुंडाळली गेली तर ती ओढीत घसरते. मग मोकळं टोक काटकोनात वळवून चार-पाच वेढे एकाला एक लागून घट्ट द्या. उरलेलं टोक पक्कडीने कापायचं नाही. त्याला छोट्या हँडलसारखं वाकवा आणि मागे-पुढे हलवत राहा, ते मुळाशी कट्‌ करून तुटतं. कापलेल्या टोकाचा काटा उरतो आणि मासा होडीत घेताना तो तळहातात जातो. माझ्या तर्जनीवर त्याची खूण आहे. तारेला एकदा मोड पडली की ती फेकून द्या, सरळ करून पुन्हा वापरू नका.

कुप्याला तार दिसते, तो बिचकतो. तिथे ८० ते १०० पौंडी तंगूस क्रिम्पने (धातूच्या बारीक नळीने) दाबून लावावा.

होडीवर

रॉड साडेपाच ते सहा फूट, आखूड आणि दणकट. रीलला क्लॅम्प असेल तर तो आवळा, आणि रीलच्या वरच्या कड्यांतून एक दोर होडीला बांधून ठेवा. होल्डरमधून रॉडसकट रील समुद्रात जाताना मी पाहिलं आहे. सोबत पोटाला बांधायचा पट्टा, पक्कड, आकडी आणि प्रत्येकाला जॅकेट.

पाऊस सरून पाणी निवळलं की काम सुरू होतं. १ जून ते ३१ जुलैच्या पावसाळी मासेमारीबंदीत यांत्रिक होडी बाहेर काढायची नाही, हे वेगळं सांगायला नको. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडावं. खडकांच्या कडेला जिथे पाच वावावरून (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) एकदम दहा-बारा वाव पाणी होतं, त्या कडेला समांतर ओढा. जाळ्यांचे बोये दिसले की लांबून वळसा घाला. कुणाचं जाळं म्हणजे कुणाचं घर चालतंय.

ल्युअर सोडताना दांडी फ्रीवर, पण अंगठा स्पूलवर. अंगठा उचलला की स्पूल दोऱ्याच्या पुढे धावतं आणि गुंता होतो. नव्या माणसाने दोनच दोरे सोडावेत: खोल जाणारा ल्युअर २५ मीटरवर, उथळ चालणारा ४० मीटरवर. मग दांडी स्ट्राइकच्या किंचित मागे आणि क्लिकर चालू. एक्स-रॅप मॅग्नम किंवा हाल्को लेझर प्रोसारख्या, बुडी मारायला तोंडाशी जीभ असलेल्या ल्युअरना ५ ते ६ नॉट वेग चांगला. रॉडचं टोक बारीक, एकसारखं थरथरत असेल तर ल्युअर नीट पोहतोय. थरथर थांबली म्हणजे प्लास्टिक किंवा शेवाळ अडकलं, लगेच ओढून साफ करा. वळताना मोठा वळसा घ्या, नाहीतर दोन्ही दोरे एकमेकांत जातात.

क्लिकर ओरडला की होडी लगेच थांबवू नका. चार-पाच सेकंद तशीच चालू द्या, गरी नीट रुतते. एकाने दुसरा दोरा गोळा करावा. रॉडवाल्याने दांडी स्ट्राइकवर ठेवून पहिली धाव पळू द्यावी, हँडलला हात लावू नये. धाव थांबली की रॉड सावकाश वर उचलायचा आणि खाली नेताना गुंडाळायचं. दोरा कधीही सैल पडता कामा नये, आणि अंगठ्याने पसरत राहायचं, कारण दुसरी धाव येतेच. मासा होडीजवळ आला की दांडी थोडी मागे घ्या. आता पाण्यात ताणायला दोराच उरलेला नसतो, शेवटच्या मुसंडीचा धक्का थेट गरीवर बसतो. कासव अडकलं तर तार कापून, शक्य तितकी गरी काढून ते सोडायचंच, त्याला कायद्याचं संरक्षण आहे.

घरी आल्यावर जेवणाआधी रील धुवा. दांडी फुलवर नेऊन ड्रॅग पूर्ण आवळा म्हणजे पाणी चकत्यांत शिरत नाही, आणि गोड्या पाण्याचा हलका शिडकावा द्या. नळीची जोरदार धार नको, ती मीठ आतच ढकलते. फडक्याने पुसून सावलीत वाळू द्या. तारेच्या वरचा तीन-चार मीटर तंगूस बोटांतून फिरवून बघा, खरबरीत लागला तर तेवढा कापून गाठ नव्याने बांधा. मग दांडी पुन्हा फ्रीवर आणा आणि रील तसंच ठेवा, कारण आवळून ठेवलेल्या चकत्या एकमेकींना चिकटतात आणि पुढच्या खेपेला ड्रॅग धक्क्याने सुटतो.